सरकारने काढलेला कौल आणि नेत्याला मिळालेले गुण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमुक नेत्यावर इतके टक्के लोक खूश आहेत, असा आकडा आला की घरात, देवळाच्या आवारात, पोदेराची (पाववाल्याची) वाट बघताना त्यावर वाद होतो. आकडा सरकारी असला तर वाद जास्तच रंगतो. अशा वेळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. मी गोव्यातल्या शाळेत शिकवत होतो. जनगणनेच्या आणि मतदारयादीच्या कामासाठी बरीच वर्षे दारोदार फिरलो. लोक कोणाला काय उत्तर देतात आणि का देतात, हे तिथे शिकायला मिळाले.

एका वाक्यात सांगा, सरकारी चाचणीवर विश्वास ठेवायचा की नाही?

नेत्याला नापसंत करणारा माणूस ते निर्धास्तपणे सांगू शकत असेल, आणि चाचणी घेणारी संस्था नेत्याला न आवडणारा आकडा छापूनही टिकून राहत असेल, तर ठेवा. यातली एक गोष्ट जरी नसली तरी तो आकडा लोकांचे मत म्हणून धरू नका.

गोव्यात ‘ओपिनियन पोल’ म्हटले की १९६७ आठवते. तोही सरकारनेच घेतला होता. मग तो कसा मानला गेला?

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून वेगळा राहावा, यासाठी संसदेने १९६६ साली खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. दयानंद बांदोडकर, म्हणजे आपले भाऊसाहेब, तेव्हा मुख्यमंत्री होते आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे असे, की एका बाजूचे सरकार खुर्चीत असताना कौल निष्पक्ष होणार नाही. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांनी राजीनामा दिला, विधानसभा विसर्जित झाली आणि कौलाच्या वेळी राज्यकारभार कोणत्याच बाजूच्या हाती राहिला नाही.

मतपत्रिका गुप्त होती. प्रचार दोन्हीकडून कडाडून झाला. विशेष म्हणजे मराठी वर्तमानपत्रेही दोन्ही बाजूंना होती. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, तर मराठीतच निघणारा ‘राष्ट्रमत’ त्याच्या विरोधात. आमच्या घरातही तसेच होते. आजोबा फुलाचे, धाकटे काका पानांचे. दोघे एकाच पंगतीला जेवायला बसत आणि कोणाचे मत कुठे पडले ते शेवटपर्यंत घरातल्या कोणालाच नक्की कळले नाही. गुप्त मतपत्रिकेचा अर्थ मला त्या पंगतीतून समजला.

संघप्रदेशाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. कालपरवापर्यंत सत्तेत बसलेल्या पक्षाचा आग्रह मोडून निघालेला हा निकाल होता, आणि त्या पक्षाने तो मान्य केला. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मत देता आले नाही याबद्दल तक्रार होती आणि ती रास्त होती. तरीही कौल खोटा होता असे आज कोणी म्हणत नाही.

पुढचा भाग तर नेत्यांच्या लोकप्रियतेवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला पुन्हा बहुमत मिळाले. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ साली निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. लोकांनी त्यांचा आग्रह नाकारला आणि दोन महिन्यांत त्यांनाच परत बोलावले. ‘नेता आवडतो का’ आणि ‘नेत्याचे म्हणणे पटते का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. जी चाचणी ते एकाच प्रश्नात गुंडाळते, तिच्या आकड्याला कसलाच अर्थ उरत नाही.

पण ते मतदान होते. चाचणीत तर हजारभर लोकांनाच विचारतात.

बरोबर. मतदानात सगळ्यांना बोलावणे असते, चाचणीत नमुना काढला जातो. नमुना नीट, चिठ्ठ्या टाकून काढावा तसा निघाला तर हजार लोकही पुरतात, साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होतात एवढेच. मोठा फरक दुसरा आहे. मतदानकेंद्रात तुम्ही आणि मतपेटी, तिसरे कोणी नसते. चाचणीत समोर माणूस असतो आणि तो तुमचे उत्तर लिहून घेतो.

म्हणजे लोक खोटे बोलतात?

समोर कोण उभे आहे ते पाहून बोलतात. यात लबाडी कमी आणि सावधपणा जास्त असतो.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९९० च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. राष्ट्राध्यक्ष दानिएल ओर्तेगा सहज जिंकतील असे बहुतेक चाचण्या सांगत होत्या. प्रत्यक्षात विरोधी आघाडीच्या व्हिओलेता चामोरो सुमारे ५५ टक्के मते घेऊन जिंकल्या, ओर्तेगांना ४१ च्या आसपास मिळाली. त्याच निवडणुकीच्या आधी अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग केला होता. प्रश्न तेच ठेवले, फक्त लिहून घेणाऱ्यांच्या हातातली पेने बदलली. काहींच्या पेनावर ओर्तेगांचा प्रचार, काहींच्या पेनावर विरोधी आघाडीचे नाव, काहींचे पेन कोरे. विरोधकांचे पेन हातात असले तेव्हाच चामोरो पुढे निघाल्या. कोऱ्या पेनालाही लोकांनी सरकारी पेनासारखेच उत्तर दिले. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोऱ्या पेनाची वाटते. जिथे भीती मुरलेली असते तिथे ओळख न सांगणारा माणूस सरकारचाच असणार, असे लोक धरून चालतात.

आपल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. १९६१ पर्यंत, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात छापील ओळ सेन्सॉरच्या हाताखालून जायची. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभा घेतली तेव्हा त्यांना अटक झाली, कारण उघड बोलणे हाच गुन्हा होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या त्या काळात कोणी दारात येऊन ‘सालाझार कसा वाटतो?’ विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते हे आजीला विचारा. त्याच सालाझारने १९३३ साली पोर्तुगालमध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले, तेव्हा मत न देणाऱ्यांचे मौनही होकारात धरले गेले.

प्रश्न कसा विचारला याने इतका फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्याकडे हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘कौल’ हा शब्द आपण देवळातूनच उचलला आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि कोणती पाकळी आधी पडते त्यावरून उजवा की डावा कौल ते ठरते. जाणता माणूस गाऱ्हाणे नेमक्या शब्दांत घालायला सांगतो. विचारणे मोघम असेल, तर पाकळी पडूनही निवाडा होत नाही.

रशियातले उदाहरण बघा. तिथे ‘व्हीत्सिओम’ नावाची सरकारी मालकीची जनमत संस्था आहे. मे २०१९ मध्ये तिने लोकांना विचारले, कोणत्या राजकारण्यांवर तुमचा विश्वास आहे, नावे सांगा. पुतिन यांचे नाव ३१.७ टक्के लोकांनी घेतले. २००६ पासूनचा तो सर्वांत कमी आकडा होता. क्रेमलिनच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या, प्रवक्त्याने जाहीरपणे स्पष्टीकरण मागितले. संस्थेने लगोलग नव्या पद्धतीने विचारले : पुतिन यांच्यावर तुमचा विश्वास आहे की नाही? उत्तर आले ७२.३ टक्के.

यातला कोणताही आकडा बनावट असलाच पाहिजे असे नाही. आपणहून नाव आठवणे वेगळे आणि नाव पुढे ठेवल्यावर मान डोलावणे वेगळे. पण राज्यकर्त्याने भुवई उंचावली म्हणून आठवड्याभरात प्रश्न बदलतो, हे पाहिल्यावर त्या संस्थेच्या पुढच्या आकड्यांकडे कसे पाहायचे ते ठरते. या संस्थेचा इतिहासही बोलका आहे. १९८७ साली ती सुरू झाली. समाजशास्त्रज्ञ युरी लेवादा यांनी तिला नाव मिळवून दिले. २००३ मध्ये सरकारने संचालक मंडळ आपल्या हाती घेतले, तेव्हा लेवादा आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले व त्यांनी वेगळी संस्था उभी केली. त्या संस्थेवर २०१६ मध्ये ‘परकीय एजंट’ असा शिक्का मारला गेला.

मग सगळ्याच सरकारी संस्था अशाच समजायच्या?

नाही, आणि इथे घाईने बोलणारे चुकतात. स्वीडनचे सरकारी सांख्यिकी खाते १९७२ पासून लोकांचा पक्षनिहाय कल मोजते. दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये. सुमारे ९ हजार जणांचा नमुना असतो. सत्ताधारी पक्ष घसरला तरी ते तसेच छापतात, आणि विरोधी पक्षही तेच आकडे वापरतात.

स्पेनची गोष्ट मधली आहे. तिथली सरकारी समाजशास्त्रीय संशोधन संस्था लोकांना नेत्यांना १ ते १० पैकी गुण द्यायला सांगते. संस्थेची मुळे फ्रँकोच्या हुकूमशाहीतली, १९६३ मधली. लोकशाही आल्यावर १९७७ मध्ये तिला आजचे रूप मिळाले. २०१८ साली सत्ताधारी समाजवादी पक्षाच्या कार्यकारिणीतले होसे फेलिक्स तेसानोस तिच्या प्रमुखपदी आले आणि तेव्हापासून तिचे अंदाज समाजवाद्यांना झुकते माप देतात अशी टीका सुरू झाली. मे २०२१ मध्ये माद्रिदच्या प्रांतिक निवडणुकीआधी तिने चुरशीची लढत दाखवली. निकालात उजव्या पक्षाने १३६ पैकी ६५ जागा घेतल्या, तिन्ही डाव्या पक्षांच्या बेरजेपेक्षा जास्त.

तरीही ही संस्था मी रशियातल्या संस्थेच्या रांगेत बसवणार नाही. ती आपली मूळ उत्तरे, म्हणजे माणसागणिक नोंदलेली कच्ची माहिती, सगळ्यांसाठी खुली ठेवते. म्हणून टीकाकार त्याच माहितीवरून आपला वेगळा अंदाज काढतात आणि संस्थेला खोडून काढतात. प्रमुख पक्षपाती असला तरी वही उघडी असेल तर चूक सापडते.

भारतात सरकार नेत्यांच्या लोकप्रियतेची चाचणी घेते का?

स्पेनसारखी, नेत्यांना मिळालेले गुण नियमित जाहीर करणारी सरकारी संस्था आपल्याकडे नाही. पण तशा अंगाने जाणाऱ्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, नोव्हेंबर २०१६ मधली. नोटाबंदीनंतर पंतप्रधानांच्या नावाच्या मोबाइल ॲपवर प्रश्नावली आली. २४ तासांत ५ लाखांवर लोकांनी उत्तरे दिली आणि ९३ टक्क्यांचा पाठिंबा जाहीर झाला. नेत्याचे ॲप कोण उतरवून घेतो? बहुतेक त्याला मानणाराच. शिवाय एका प्रश्नाला ‘पूर्ण सहमत’, ‘अंशतः सहमत’ आणि ‘सांगता येत नाही’ एवढेच पर्याय होते, असहमतीला रकानाच नव्हता. नोटाबंदीला तेव्हा खरोखर बराच पाठिंबा असेलही. या पद्धतीने तो मोजता मात्र येत नाही.

दुसरी गोष्ट नेत्याबद्दल नाही, पण कसोटी तीच आहे. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत बेरोजगारी ६.१ टक्के निघाली होती. अहवाल अडवून ठेवला असे म्हणत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन बिगरसरकारी सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. अहवाल अजून अंतिम झालेला नाही, असे सरकारचे म्हणणे होते. तो ३१ मे २०१९ रोजी बाहेर आला, लोकसभेची निवडणूक उरकून नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. बेरोजगारीचा आकडा निवडणुकीआधी बाहेर येत नसेल, तर थेट नेत्याची लोकप्रियता मोजणाऱ्या सरकारी आकड्याचे काय होईल याचा विचार ज्याने त्याने करावा.

उत्तरे देणारे लाखो असले म्हणजे आकडा पक्का ना?

नाही. अमेरिकेत १९३६ साली एका साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना पत्रे पाठवली. वीस लाखांवर उत्तरे आली, आणि त्यावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निवडणुकीत हरणार असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. पत्ते मोटार आणि टेलिफोन बाळगणाऱ्यांचे होते, आणि उत्तर पाठवण्याचा उत्साहही एका बाजूलाच जास्त होता. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून बरोबर सांगितले. पेज पारखायची तर हंडी नीट ढवळावी लागते, वरवरची चार पळ्या जास्त काढून उपयोग नाही.

गोव्यासारख्या लहान राज्यात काही वेगळे घडते का?

हो, आणि यावर फारसे बोलले जात नाही.

एक तर इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. वाड्यावर वही घेऊन आलेला मुलगा कोणाचा, त्याला कोणी लावला, हे तो अंगणात शिरायच्या आत ठाऊक असते. मुलाची सरकारी नोकरीची फाईल कुठे तरी अडकलेली असते, सासूला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतात, सुनेचा गृह आधारचा (गृहिणींना महिन्याला पैसे देणाऱ्या योजनेचा) अर्ज पंचायतीत पडलेला असतो. ‘सरकारच्या कामावर समाधानी आहात का?’ या प्रश्नाला अशा घरातून ‘हो’ येणारच. मी मतदारयादीच्या कामाला जायचो तेव्हा फक्त नावे तपासायची असत. तरी एकदा एका म्हातारीने हात जोडून सांगितले, ‘बाब, आम्ही सगळे त्यांचेच हो.’ मी काही विचारले नव्हते. हातात सरकारी कागद होता, एवढे तिला पुरले. तो प्रसंग मी विसरू शकलो नाही. योजनेची यादी हातात घेऊन कोणी मत विचारत असेल, मग तो कितीही सज्जन असो, ते उत्तर मोजू नये.

दुसरे म्हणजे आपले मतदारसंघ. ४० जागा, आणि मते हजारांत. २०२२ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी निवडून आले, पणजीत बाबूश मोन्सेरात ७१६ मतांनी, तर सांत आंद्रेत विरेश बोरकर अवघ्या ७६ मतांनी. राज्यभर हजार लोकांना विचारले तर एका मतदारसंघाच्या वाट्याला पंचवीस येतात. त्यांच्या उत्तरांवरून ७६ मतांचा फरक कोणालाही दिसणार नाही, सरकारी असो की खासगी.

खासगी चाचण्या तरी बऱ्या का?

त्यांना सरकारची भीती कमी, पण गिऱ्हाइकाची असते. आणि त्या चुकतातही. २०२२ मध्ये बहुतेक एक्झिट पोलनी गोव्यात त्रिशंकू विधानसभा सांगितली होती, भाजपला ४० पैकी २० जागा मिळाल्या. २०२४ च्या लोकसभेला बहुतेकांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या पुढे नेले, ती २९३ वर थांबली. खासगी चाचण्यांची एक सोय मात्र आहे. त्या अनेक असतात, निकालाच्या दिवशी सगळ्यांची परीक्षा होते, आणि कोण चुकले ते लोकांच्या ध्यानात राहते. निवडणूक नसताना जाहीर होणाऱ्या ‘लोकप्रियतेच्या’ आकड्याला असा निकालाचा दिवस कधी येतच नाही.

हुकूमशहांचे सगळे आकडे खोटे असतात का?

इराकच्या सद्दाम हुसेनला २००२ च्या सार्वमतात १०० टक्के मते पडल्याचे जाहीर झाले. त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

पण प्रत्येक मोठा आकडा खोटा असतो असे धरणेही चूक आहे. २०१५ च्या सुमारास काही अभ्यासकांनी रशियात आडवळणाने विचारून पाहिले. निम्म्या लोकांना तीन नेत्यांची यादी दिली, निम्म्यांना त्याच यादीत पुतिन घालून चौघांची. यातले किती जण पसंत आहेत तो आकडा सांगा, नावे सांगू नका. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पुतिन यांचा पाठिंबा. उत्तर सरळ प्रश्नाच्या उत्तरापेक्षा थोडेच कमी आले, म्हणजे बहुतांश पाठिंबा खरा होता. या पद्धतीच्याही मर्यादा आहेत, आणि त्याच अभ्यासकांनी पुढे त्याबद्दल सावध केले. शिवाय दुसरा नेता टीव्हीवर कधी दिसलाच नाही, तर लोकांनी तुलना कोणाशी करायची? अशा ठिकाणी पाठिंबा खरा असूनही पोकळ असू शकतो.

खोट्या आकड्यांनी नेत्याचा फायदाच होतो ना?

काही काळ. नंतर तोच फसतो. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होते, विरोधक तुरुंगात होते. इंदिरा गांधींनी १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणूक जाहीर केली. जिंकण्याची खात्री देणारे अहवाल त्यांच्यापुढे ठेवले गेले होते असे नेहमी सांगितले जाते. मार्चमध्ये काँग्रेस हरली आणि रायबरेलीत त्या स्वतः राजनारायण यांच्याकडून ५५,२०२ मतांनी पराभूत झाल्या. लोकांना गप्प केले की त्यांच्या मनातले राज्यकर्त्यालाही कळेनासे होते.

समोर एखादा आकडा आला तर आधी काय बघू?

नेमका प्रश्न आणि त्याचे पर्याय. ते छापलेले नसतील तर पुढे वाचायची गरज नाही. मग किती जणांना विचारले यापेक्षा ते कसे निवडले, आणि किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला. नकार देणाऱ्यांचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो, आणि तोच बहुधा लपवला जातो. त्यानंतर या संस्थेचे जुने आकडे काढा. सरकारला नको असलेले काही तिने कधी छापले आहे का, आणि छापल्यावर तिच्या प्रमुखाचे काय झाले?

माझ्या दारात कोणी आले आणि कोणाला मत दिले असे विचारले, तर सांगावे लागते का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९४ : आपण निवडणुकीत कोणाला मत दिले हे सांगायला कोणालाही भाग पाडता येत नाही, अगदी न्यायालयातल्या साक्षीदारालासुद्धा. विचारणाऱ्याला पाणी द्या, आणि सांगायचे नसेल तर तसे सांगून मोकळे व्हा.